‘पहिला आणि एकमेव’ या शब्दांबाबत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या क्रीडा पुरवणीत हिवाळी ऑलिंपिकच्या इतिहासावर जो दीर्घ लेख आला, तो मी दोनदा वाचला. बर्फावरच्या खेळांविषयी मराठीत इतके सविस्तर क्वचितच छापून येते, म्हणून आधी त्याबद्दल आभार मानते. मात्र त्या लेखातील एका विधानामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले आहे. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगच्या, म्हणजे पाती लावलेल्या बुटांनी बर्फावर धावण्याच्या, सर्वच्या सर्व शर्यती जिंकणारा अमेरिकेचा एरिक हायडेन हा ‘पहिला आणि एकमेव’ खेळाडू असल्याचे त्यात म्हटले आहे. यातील ‘पहिला’ हा शब्द चुकीचा आहे आणि ‘एकमेव’ हाही चुकीचा आहे. हायडेनने १९८० साली लेक प्लॅसिडला पाच शर्यती जिंकल्या. त्याच्या सोळा वर्षे आधी, १९६४ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे, लिदिया स्कोब्लिकोवा या सोव्हिएत संघाच्या खेळाडूने महिलांसाठी ठेवलेल्या चारही शर्यती ओळीने चार दिवसांत जिंकल्या होत्या. तिच्या आधी हे कुणा पुरुषालाही जमलेले नव्हते.

लेखकाच्या मनात बहुधा ‘पुरुष खेळाडूंमध्ये’ असे असावे. तसे लिहिले असते तर विधान बिनचूक ठरले असते आणि माझे एक टपाल तिकीट वाचले असते. मराठीत ‘खेळाडू’ हा शब्द स्त्री आणि पुरुष दोघांनाही चालतो, ही आपल्या भाषेची सोय आहे. पण त्या सोयीचा परिणाम असा होतो की मर्यादा सांगणारा शब्द लेखकाच्या हातून सहज निसटतो आणि वाचणाऱ्याला विधान सर्वांविषयीच आहे असे वाटते. पस्तीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवताना विक्रमांच्या तक्त्यांमध्ये हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्याला नुसता मुद्रणदोष म्हणायला मन तयार होत नाही.

स्कोब्लिकोवाची गोष्ट समजून घ्यायची तर तिच्या आधीची परिस्थिती थोडी सांगावी लागेल. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले. त्यातले पहिलेच सुवर्णपदक स्पीड स्केटिंगच्या ५०० मीटर शर्यतीचे होते. म्हणजे हा खेळ हिवाळी ऑलिंपिकच्या पायातला दगड आहे; पण तो पुरुषांपुरताच बसवलेला होता. १९३२ साली लेक प्लॅसिडला महिलांच्या तीन शर्यती झाल्या, त्याही केवळ प्रात्यक्षिक म्हणून, पदकांच्या हिशेबात न धरता. त्यांपैकी १५०० मीटरची शर्यत जिंकणारी अमेरिकेची किट क्लाइन पुढे १९३६ साली स्टॉकहोमला महिलांची पहिली अधिकृत विश्वविजेती झाली. त्याच वर्षी जर्मनीत ऑलिंपिक भरले होते, पण तेथे महिला स्केटरना जागा नव्हती.

नॉर्वेच्या लाइला स्काउ निल्सेन हिने त्यावर जो मार्ग काढला, तो मला फार आवडतो. बर्फाच्या गोलावर तिला ऑलिंपिकमध्ये उतरता येत नव्हते, म्हणून सोळा वर्षांची ही मुलगी डोंगरउतारावरच्या स्कीइंगमध्ये उतरली आणि तेथे कांस्यपदक घेऊन आली. पुढच्याच दोन वर्षी, १९३७ आणि १९३८ साली, स्पीड स्केटिंगची विश्वविजेती तीच होती. जी मुलगी दुसऱ्याच खेळात जाऊन पदक आणते, तिला स्वतःच्या खेळात किती पदके मिळाली असती याचा हिशेब आता मांडता येणार नाही.

महिलांचा हा खेळ अधिकृतपणे ऑलिंपिकमध्ये आला तो १९६० साली, अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅली येथे. पुरुषांनंतर छत्तीस वर्षांनी. मैदानी खेळांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना १९६० हे वर्ष आणखी एका कारणाने आठवेल. १९२८ साली ॲमस्टरडॅमला महिलांची ८०० मीटर धावण्याची शर्यत झाली आणि हे अंतर बायकांना झेपत नाही असा गिल्ला करून ती ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. ती परत आली थेट १९६० साली, रोममध्ये. हिवाळ्यात बर्फावर आणि उन्हाळ्यात मातीवर, दोन्हीकडची दारे एकाच वर्षी किलकिली व्हावीत हा योगायोग नसावा असे मला वाटते.

किलकिली म्हणण्याचे कारण असे की महिलांना दिलेली अंतरे ५००, १०००, १५०० आणि ३००० मीटर एवढीच होती. पुरुषांना ५००० आणि १०००० मीटरही होते. ५००० मीटर महिलांना जमतच नव्हते म्हणावे, तर १९३६पासून १९५५पर्यंत महिलांच्या जागतिक स्पर्धेत ५००० मीटरची शर्यत नियमाने होत असे. तरीही ऑलिंपिकमध्ये तिला प्रवेश मिळायला १९८८ साल उजाडावे लागले. हा मुद्दा मी मुद्दाम येथे नोंदवून ठेवते, कारण पुढे हायडेनशी तुलना करताना त्याची गरज पडणार आहे.

लिदिया स्कोब्लिकोवाचा जन्म ८ मार्च १९३९चा. जन्मतारीख महिला दिनाची असल्यामुळे सोव्हिएत वृत्तपत्रांना तिच्याविषयी लिहिताना पहिले वाक्य शोधावे लागत नसणार. जन्मगाव झ्लातोउस्त, उरल पर्वताच्या कुशीतले पोलादाचे गाव. गावाच्या नावाचा अर्थ ‘सुवर्णमुखी’ असा होतो. या गावाशी आपलेही एक दूरचे नाते आहे. तलवारींसाठी जगभर नावाजलेले जे भारतीय उक्कू पोलाद, त्याच्या जातीचे ‘बुलात’ पोलाद बनवण्याची हरवलेली विद्या पावेल अनोसोव्ह या रशियन धातुतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात याच गावच्या भट्ट्यांमध्ये पुन्हा हस्तगत केली. पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातली मुलगी पात्यांवर उभी राहून जगज्जेती झाली, हे वाक्य लिहिण्याचा मोह मी आवरणार होते, पण आवरला नाही.

पुढे ती चेल्याबिन्स्कला गेली, तेथील अध्यापन संस्थेत शिकली आणि त्याच शहरात स्केटर म्हणून घडली. शिक्षिका होण्यासाठी शिकत असलेली मुलगी आणि स्केटर होण्यासाठी राबणारी मुलगी या दोघी एकच होत्या. तिचा विवाह झाला तो चालण्याच्या शर्यतीतील एका खेळाडूशी. सोव्हिएत संघात तोवर या खेळाची मोठी परंपरा तयार झालेली होती. मारिया इसाकोवा हिने १९४८, १९४९ आणि १९५० अशी सलग तीन वर्षे विश्वविजेतेपद मिळवले होते आणि तिच्यामागून एकीपेक्षा एक सरस स्केटर येत होत्या. त्यामुळे स्कोब्लिकोवाला सर्वांत कठीण झुंज द्यावी लागली ती परदेशी खेळाडूंशी नव्हे, तर स्वतःच्याच संघातील मुलींशी. सोव्हिएत संघात जागा मिळवणे हीच अर्धी स्पर्धा होती.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात सांगते. चारशे मीटरचा लंबगोल ट्रॅक असतो आणि त्यावर एका वेळी दोघीच धावतात, एक आतल्या लेनमधून आणि दुसरी बाहेरच्या. दोघींचे अंतर सारखे व्हावे म्हणून प्रत्येक फेरीत त्या लेन बदलतात. विजेती मात्र त्या दोघींतून ठरत नाही. सगळ्या जोड्या धावून झाल्या की सर्वांच्या वेळा एकत्र मांडल्या जातात आणि सर्वांत कमी वेळ जिची, ती पहिली. त्यामुळे आधी धावलेली खेळाडू तासभर बाकावर बसून इतरांच्या वेळा ऐकत राहते. शेजारी कुणी नसते, समोर फक्त घड्याळ असते. हा खेळ म्हणजे गर्दीसमोर दिलेली एकांतातली परीक्षा आहे. आजच्या स्केटरच्या बुटाचे पाते टाचेपाशी सुटे असते आणि त्यामुळे पाय मागे रेटताना ते जास्त वेळ बर्फाला टेकून राहते. ही सोय सर्रास झाली ती १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात. स्कोब्लिकोवाच्या काळी पाते बुटाला पुढेमागे घट्ट जखडलेले असे आणि अंगात आजच्यासारखा कातडीला चिकटणारा पोशाखही नसे.

स्क्वॉ व्हॅलीला २० फेब्रुवारी १९६० रोजी महिलांची पहिली शर्यत झाली. ५०० मीटरची ही शर्यत पूर्व जर्मनीची हेल्गा हासे ४५.९ सेकंदांत जिंकली आणि ऑलिंपिकमधली पहिली महिला स्पीड स्केटिंग विजेती ठरली. ‘पहिली’ हा मान हासेचा आहे. तो मी स्कोब्लिकोवाला देऊ पाहत नाही, नाहीतर ज्या चुकीबद्दल तक्रार करते आहे तीच मी करीन. दुसऱ्या दिवशी १५०० मीटरची शर्यत होती आणि एकवीस वर्षेही पूर्ण न झालेल्या स्कोब्लिकोवाने ती २ मिनिटे २५.२ सेकंदांत, नव्या विश्वविक्रमासह जिंकली. पोलंडची एल्विरा सेरोचिन्स्का अर्ध्या सेकंदाने मागे राहिली. तिसऱ्या दिवशीच्या १००० मीटरमध्ये स्कोब्लिकोवाला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्या शर्यतीत सेरोचिन्स्काच्या वाट्याला आलेले दुर्दैव मात्र सांगितलेच पाहिजे. सुवर्णपदक दृष्टिपथात असताना शेवटच्या वळणावर ती पडली आणि पदक सोव्हिएत संघाच्या क्लारा गुसेवाकडे गेले. २३ फेब्रुवारीला ३००० मीटरची शर्यत स्कोब्लिकोवाने ५ मिनिटे १४.३ सेकंदांत जिंकली. दुसरी आलेली तिचीच सहकारी वालेंतिना स्तेनिना अडीच सेकंदांहून अधिक मागे होती.

दोन सुवर्णपदके मिळवूनही ती अजून विश्वविजेती नव्हती, हे वाचून नवल वाटेल. जागतिक स्पर्धेत त्या काळी चारही अंतरांच्या वेळांवरून गुण काढत. ५०० मीटरचे सेकंद जसेच्या तसे धरायचे, १००० मीटरच्या वेळेला दोनने, १५००च्या वेळेला तीनने आणि ३०००च्या वेळेला सहाने भागायचे, आणि ज्या खेळाडूची बेरीज सर्वांत कमी ती विजेती. या पद्धतीत एका अंतरात कच्चे राहून चालत नाही. मध्यम आणि लांब अंतरांत अव्वल असलेल्या स्कोब्लिकोवाला ५०० मीटरचा स्फोटक वेग कमावण्यासाठी आणखी तीन वर्षे घालवावी लागली. १९६३ साली जपानमधील कारुइझावा येथे ती अखेर विश्वविजेती झाली, आणि तीही चारही अंतरे जिंकून. तेथे १००० मीटरमध्ये तिने १ मिनिट ३१.८ सेकंदांचा विश्वविक्रमही केला. म्हणजे पुढच्या वर्षी इन्सब्रुकला जे घडले, ते काही आभाळातून पडलेले आश्चर्य नव्हते. जाणकारांना त्याची चाहूल वर्षभर आधीच लागलेली होती.

आता इन्सब्रुक. त्या हिवाळ्यात हिमाने तेथे दगा दिला होता. ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी उंच डोंगरांवरून बर्फाच्या हजारो लाद्या आणि हजारो घनमीटर हिम खाली वाहून आणले, तेव्हा कुठे घसरगाड्यांचे आणि स्कीइंगचे मार्ग तयार झाले. जाता जाता सांगते की भारताने हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा भाग घेतला तोही याच वेळी. जेरेमी बुजाकोव्स्की हा पोलिश वंशाचा स्कीपटू भारताचा एकुलता एक प्रतिनिधी होता. तेव्हा स्कोब्लिकोवाच्या त्या चार दिवसांचा साक्षीदार म्हणून आपला तिरंगाही त्या गावात कुठेतरी फडकत होता.

३० जानेवारी १९६४ रोजी ५०० मीटरची शर्यत झाली. चार अंतरांपैकी निसटण्याची भीती याच अंतराला सर्वाधिक होती, कारण हे निव्वळ वेगाचे अंतर आहे आणि त्यात एखादी घसरगुंडी भरून काढायला वेळच उरत नाही. स्कोब्लिकोवाने ४५.० सेकंद घेतले. जागच्या जागी उभे राहून सुटल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत धरलेला हा वेग बरोबर ताशी ४० किलोमीटर पडतो. गावातल्या रस्त्यावर मोटारसायकल एवढ्या वेगाने हाकणाऱ्याला आपण जपून जा म्हणतो. दुसरी आलेली इरिना येगोरोवा ०.४ सेकंदांनी, म्हणजे सुमारे साडेचार मीटरने मागे होती. दुसऱ्या दिवशी, ३१ जानेवारीला, १५०० मीटरमध्ये चित्र पार बदलले. स्कोब्लिकोवाची वेळ २ मिनिटे २२.६ सेकंद आणि फिनलंडच्या काइया मुस्तोनेनची २ मिनिटे २५.५ सेकंद. मी कागदावर गणित केले तेव्हा हे २.९ सेकंदांचे अंतर बर्फावर जवळपास तीस मीटर भरले. दोघी एकाच जोडीत धावल्या असत्या तर शेवटच्या रेषेवरून मागे वळून पाहताना स्कोब्लिकोवाला मुस्तोनेन अजून तेवढी मागे दिसली असती.

१ फेब्रुवारीला १००० मीटर. चार वर्षांपूर्वी याच अंतरात ती पदकाबाहेर राहिली होती. या वेळी १ मिनिट ३३.२ सेकंद, म्हणजे येगोरोवाच्या १.१ सेकंद पुढे. हे तिसरे सुवर्णपदक. या तिन्ही वेळा नवे ऑलिंपिक विक्रम होते. २ फेब्रुवारीला ३००० मीटरमध्ये ५ मिनिटे १४.९ सेकंदांत चौथे. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके तोवर कुणालाही, कोणत्याही खेळात, मिळालेली नव्हती. स्क्वॉ व्हॅलीची दोन धरून तिची सहा सुवर्णपदके झाली आणि सहाचा आकडा गाठणारीही हिवाळी ऑलिंपिकमधली ती पहिलीच खेळाडू.

त्या शेवटच्या शर्यतीत दुसरा क्रमांक विभागून दिला गेला. वालेंतिना स्तेनिना आणि उत्तर कोरियाची हान पिल-ह्वा या दोघींनीही ५ मिनिटे १८.५ सेकंद घेतले होते. हानचे ते रौप्यपदक म्हणजे हिवाळी ऑलिंपिकमध्ये आशियातील कोणत्याही स्त्रीला मिळालेले पहिले पदक. आपण आशियाई वाचक असूनही ही नोंद आपल्याकडच्या लेखांत सापडत नाही, आणि त्याचे कारणही तेच आहे जे या पत्राचे आहे.

हायडेनच्या पराक्रमाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही, हे स्पष्ट सांगते. ५०० मीटर आणि १०००० मीटर या दोन्ही शर्यती एकाच माणसाने जिंकणे म्हणजे आपल्याकडे शंभर मीटर आणि लांब पल्ल्याची दौड एकानेच जिंकण्यासारखे आहे, आणि १०००० मीटरची शर्यत तर त्याने विश्वविक्रमासह जिंकली. काही वाचक म्हणतील की त्याने स्पर्धेत अठरा हजार मीटर अंतर कापले, तिने सहाच हजार. त्याच्या शर्यती पाच, तिच्या चार. मग बरोबरी कशी? त्यावर माझे उत्तर असे. १९६४ साली पुरुषांच्याही शर्यती चारच होत्या. पुरुषांची १००० मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये आली ती १९७६ साली. म्हणजे त्याआधीच्या अनेक ऑलिंपिकमध्ये कोणत्याही पुरुषाला चार शर्यती जिंकून ‘सर्व’ हा शब्द मिळवण्याची संधी होती. नॉर्वेचा इव्हार बालांग्रुड १९३६ साली तीन सुवर्णांपर्यंत पोचला आणि १५०० मीटरमध्ये त्याला रौप्यपदक मिळाले. नॉर्वेचाच यालमार अँडरसन १९५२ साली तीनवर थांबला. चारपैकी चार हे गणित पहिल्यांदा सोडवले ते स्कोब्लिकोवानेच. आणि तिच्या चार अंतरांत ५००० मीटर नव्हते ते तिच्या पायांत बळ नव्हते म्हणून नव्हे, तर कार्यक्रमपत्रिका ठरवणाऱ्यांनी ते तिच्यासमोर मांडलेच नाही म्हणून. जे ताट पुढे आले, त्यातले शीतही तिने शिल्लक ठेवले नाही.

हायडेनविषयी आणखी एक तपशील लेखात असता तर बरे झाले असते. त्याची प्रशिक्षक एक स्त्री होती. १९७२ साली साप्पोरो येथे १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारी अमेरिकेची डायान होलम हिने त्याला आणि त्याची बहीण बेथ हिला घडवले. बेथ स्वतः १९७९ची विश्वविजेती. तेव्हा ज्या पाच पदकांचा लेखात गौरव आहे, त्यांच्या मागेही महिलांच्या स्पीड स्केटिंगचीच पुण्याई उभी आहे.

स्कोब्लिकोवाबद्दल लिहिताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे. त्या काळी महिलांच्या या खेळावर पैसा आणि मेहनत खर्च करणारे देश मोजके होते आणि सोव्हिएत सत्ता आपल्या खेळाडूंच्या यशाकडे राज्यव्यवस्थेचे प्रमाणपत्र म्हणून पाहत असे. शिवाय तिची सर्वांत तोलामोलाची प्रतिस्पर्धी इन्सब्रुकला नव्हतीच. इंगा आर्तामोनोवा हिने तोवर तीन वेळा विश्वविजेतेपद मिळवले होते आणि १९६२ साली अल्मा-आताजवळच्या मेदेओ येथील उंचावरच्या बर्फावर तिने रचलेले विश्वविक्रम इन्सब्रुकमधल्या वेळांपेक्षा सरस होते. १५०० मीटर तर तिने २ मिनिटे १९.० सेकंदांत पार केले होते. तरुणपणी क्षयरोगाशी झगडलेली ही खेळाडू ऑलिंपिकच्या बर्फावर एकदाही उतरू शकली नाही. १९६५ साली ती चौथ्यांदा विश्वविजेती झाली आणि ४ जानेवारी १९६६ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, तिच्या पतीने तिचा खून केला. आर्तामोनोवा तेथे असती तर चारपैकी चार झाले असते का, हा प्रश्न रास्त आहे. पण जी हजर होती तिने हजर असलेल्या सगळ्यांना हरवले, आणि खेळाची नोंदवही याहून वेगळ्या रीतीने लिहिता येत नाही. हायडेनच्या वेळीही कोण आले नव्हते याची चौकशी आपण करत नाही.

इन्सब्रुकनंतर त्याच वर्षी स्कोब्लिकोवाने जागतिक विजेतेपदही राखले. १९६८च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये ती उतरली, परंतु काळ पुढे गेला होता. ३००० मीटरमध्ये ती सहावी आली. ही शर्यत नेदरलँड्सच्या योहाना स्खुट हिने जिंकली आणि १५०० मीटरची शर्यत त्याच काइया मुस्तोनेनने, जी चार वर्षांपूर्वी तीस मीटर मागे राहिली होती. मुस्तोनेनच्या चिकाटीवर कुणी स्वतंत्र लेख लिहिला तर मी तो आनंदाने वाचीन.

निवृत्तीनंतर स्कोब्लिकोवा प्रशिक्षण आणि अध्यापनात रमली, तिने संशोधनाची पदवी घेतली आणि पुढे रशियाच्या स्केटिंग महासंघाचे अध्यक्षपदही सांभाळले. १९८३ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला ऑलिंपिक सन्मान दिला. चेल्याबिन्स्कमधील बंदिस्त स्केटिंग संकुलाला तिचे नाव आहे आणि ते संकुल ‘उरलची वीज’ म्हणून ओळखले जाते. २०१४ साली सोची येथील उद्घाटन सोहळ्यात ऑलिंपिकचा ध्वज वाहून नेणाऱ्यांत अंतराळवीर वालेंतिना तेरेश्कोवाबरोबर पंच्याहत्तरीला टेकलेली स्कोब्लिकोवाही होती. तो सोहळा आपल्याकडे लाखो लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला असेल, पण पडद्यावरून चालत गेलेली ती बाई कोण, हे किती जणांना समजले असेल कोण जाणे. मला समजले, कारण लहानपणी आमच्या घरी येणाऱ्या सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत पानांनी मी वह्यांना कव्हरे घालत असे आणि सातवीतल्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर तिचेच चित्र होते, कंबरेत वाकलेली, एक हात पाठीवर. तो हात पाठीवर का, असे मी वडिलांना विचारले होते. त्यांना सांगता आले नाही. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा आणि सरळ मार्गावर शक्ती वाचावी म्हणून, हे मला शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात गेल्यावर कळले.

इतिहासाच्या दृष्टीने एक नोंद अजून द्यायची राहिली. महिला स्पीड स्केटिंगमध्ये सहा ऑलिंपिक सुवर्णपदकांची बरोबरी नेदरलँड्सच्या इरेन व्ह्यूस्ट हिने २०२२ साली बीजिंगला केली. व्ह्यूस्टने २००६पासून सलग पाच ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवले आणि तो विक्रम आपल्या जागी थोरच आहे. पण तिच्या सहापैकी एक पदक सांघिक शर्यतीचे आहे. स्कोब्लिकोवाची सहाही पदके वैयक्तिक आहेत आणि ती अवघ्या दोन ऑलिंपिकमध्ये मिळवलेली आहेत. तिच्यानंतर महिलांच्या सर्व शर्यती एकाच ऑलिंपिकमध्ये कुणीही जिंकलेल्या नाहीत. १९८८ साली कॅल्गरीला ५००० मीटरची शर्यत आली, तेव्हा नेदरलँड्सची इव्होन फान खेन्निप तीन सुवर्णपदके जिंकून गेली, पण पाचपैकी तीनच.

आता माझी विनंती. शाळेत असताना आंतरशालेय स्पर्धांच्या तक्त्यात मुलींच्या स्तंभावर ‘मुली’ असे लिहिलेले असे आणि मुलांच्या स्तंभावर नुसते ‘विक्रम’. मी दरवर्षी शाईच्या पेनाने दुसऱ्या स्तंभावर ‘मुले’ लिहीत असे आणि पुढच्या वर्षी नवा तक्ता पुन्हा तसाच छापून येत असे. आपले वृत्तपत्र तसे करणार नाही अशी मला आशा आहे. त्या लेखाची दुरुस्ती छापणे शक्य नसेल, तर निदान त्यासोबतची विक्रमांची चौकट पुढच्या वेळी छापताना हायडेनच्या ओळीत ‘पुरुष’ हा शब्द घालावा आणि त्या ओळीच्या वर पुढील ओळ द्यावी:

लिदिया स्कोब्लिकोवा, सोव्हिएत संघ, इन्सब्रुक १९६४ : ५००, १०००, १५०० आणि ३००० मीटर, चारही शर्यतींत सुवर्ण.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली